बोटीवरचं निरांजन

“रात्रीपर्यंत जे जे लागेल ते हातातल्या पिशवीत ठेव, अंबू. मोठी बॅग एकदा धक्क्यावर त्यांच्या ताब्यात गेली, की ती खोलीवर कधी येईल ते त्यांनाही सांगता येत नाही.”

वन्संनी हे मला तीनदा सांगितलं होतं. कराडला बॅगा भरताना, येताना गाडीत, आणि त्या शुक्रवारी दुपारी मुंबईच्या धक्क्यावर रांगेत उभं असताना. तिन्ही वेळा मी हो म्हटलं होतं. आणि हमालानं माझ्या डोळ्यांदेखत मोठी बॅग उचलून पट्ट्यावर टाकली, ती रबराच्या झालरीआड गेली, तेव्हा मी रांग सोडून दोन पावलं तिच्यामागे गेले. देव त्या बॅगेत होते.

मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण हातातली पिशवी बाकावर टेकते, फरशीवर टेकते, स्वच्छतागृहात खुंटीला लटकते. वन्संच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, भिंग, आल्याच्या वड्या, दोघींचे कागद, हे सगळं मी त्यात घेतलं होतं. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा तशा पिशवीत कसे ठेवायचे? म्हणून पितळेच्या डब्यात बसवून, धुवट पातळाच्या घडीत गुंडाळून मी त्यांना मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवलं. शेजारी निरांजन, तुपाची बाटली, फुलवाती, उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी, प्रमिलाताई. लग्न केलं नाही. मुंबईत एका बोट कंपनीच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं बसल्या. कुठली बोट किती वाजता सुटते, कुठल्या खोलीत झोका कमी लागतो, कुणाला बोट लागेल आणि कुणाला नाही, हे त्या माणसाच्या तोंडाकडे बघून सांगत. स्वतः मात्र कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. सुट्टीच्या दिवसांत गर्दी असायची, म्हणून त्यांना सुट्टी नसायची. आमचे हे गेले, त्या वर्षी वन्संनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि माझ्याजवळ कराडला राहायला आल्या. मी एकटी पडू नये म्हणून. तसं त्या बोलल्या नाहीत. मुंबईची हवा मानवत नाही, म्हणाल्या.

त्याच वर्षी दिवेलागणीला त्या उंबऱ्याला अडखळायला लागल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या आतला पडदा सुकत चाललाय. आधी रात्रीचं जाईल, मग बाजूचं, मग सगळंच. यावर औषध नाही. बोटीवर गेलो तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती. वन्संना भर दुपारीसुद्धा पुंगळीतून बघावं तेवढंच दिसे, आणि ऊन उतरलं की तेही नाही. आदल्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, आता वर्ष, फार तर दीड.

वन्सं दवाखान्यातून आल्या, चहा घेतला आणि जुनी वही काढून सफर आखायला बसल्या. फेब्रुवारीत जायचं, तेव्हा समुद्र शांत असतो. खोली बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्यायची, टोकाच्या खोल्यांत पोट ढवळतं. खिडकीची खोली नको, तिचे पैसे वाया. खोलीत बसायला थोडंच जातोय? आणि वाटेत बंदर घेणारी बोट अजिबात नको. बंदर आलं की माणसं बाजार बघतात. ही बोट शुक्रवारी मुंबईहून निघून खोल समुद्रात फिरून सोमवारी सकाळी परत येणारी होती.

मग वही मिटून त्यांनी मला समोर बसवलं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

“चहूकडे पाणी असताना सूर्य बुडताना बघायचाय मला. किनारा दिसता कामा नये. तो बुडाला की मी आंधळी. तेव्हा मला सांभाळायला तू जवळ पाहिजेस. उभी राहशील ना?”

मी म्हटलं, राहीन.

म्हटलं खरं, आणि तेव्हापासूनच जिवाला घोर लागला. कारण नेमकी तीच वेळ मी दुसऱ्या कुणाला तरी दिलेली होती.

माझा नेम असा होता की दुपारनंतर दिवा लागेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही. सूर्य मावळायच्या आत देवापुढे तुपाचं निरांजन लावायचं आणि वात शांत होईपर्यंत पाटावरून उठायचं नाही. अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्या वेळेला मी घराबाहेर नसे. कुणाचं हळदीकुंकू नाही की लग्नाचा स्वागतसमारंभ नाही. कुणी मला विचारत दारात आलं तर वन्सं सांगत, “थांबा पाच मिनिटं, तिची ड्युटी चाललीय.” त्यांचा देवावर राग नव्हता, पण वेळापत्रकावर जेवढा विश्वास तेवढा देवावर नव्हता. कधी म्हणत, तुझ्या त्या वातीच्या धुरानं माझे डोळे चुरचुरतात गं. मी हसून खिडकी उघडत असे. का लावतेस, असं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दोन्ही शब्द पाळायचे तर गणित सोपं होतं. निरांजन थोडं आधी लावायचं, वात लहान घ्यायची, आणि धावत वर जायचं.

पहिल्या संध्याकाळी बॅगच आली नाही. बोट सुटायच्या आधी सगळ्यांना केशरी जाकिटं घालून एका दालनात उभं केलं, संकटात कुठे जमायचं ते दाखवलं. वन्सं पहिल्या रांगेत उभ्या राहून कान देऊन ऐकत होत्या आणि मागे फोटो काढणाऱ्यांना मान वळवून गप्प करत होत्या. माझं चित्त खोलीच्या दाराशी. परत येऊन बघते, तर सगळ्यांच्या दारांपुढे बॅगा, आमच्या दारापुढे नुसता गालिचा. मी त्या लांबलचक बोळात फेऱ्या मारल्या. घड्याळात साडेसहा झाले, पावणेसात झाले, सात वाजले. खिडकी नसलेल्या खोलीत दिवस मावळलेलाही कळत नाही. अकरा वर्षांतली पहिली संध्याकाळ दिव्यावाचून गेली.

वन्सं म्हणाल्या, आजचा सूर्यही धरायचा नाही, मुंबई अजून दिसतेय. म्हणजे आजचं तुझंही माफ आणि माझंही. मी हसले. रात्री जेवायला वर गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, पहिल्या रात्री सगळे जण बोट बुडणार असल्यासारखं खातात, तू तसं करू नकोस. मी काहीच खाल्लं नाही. नऊ वाजता बॅग आली. तिला पिवळी पट्टी बांधलेली. काडेपेटी काढून घेतली होती आणि तिच्या जागी छापील चिठ्ठी होती. देव, निरांजन, तूप, सगळं जागच्या जागी.

मी देवांना हात जोडले आणि मनात म्हटलं, उद्या चुकायची नाही.

शनिवारी सकाळी दाराखालून दिवसभराच्या कार्यक्रमाचा कागद सरकवला गेला. वन्संनी तो भिंग लावून वरपासून खालपर्यंत वाचला. नाचाचा वर्ग, भाज्यांवर नक्षी, जादूचे प्रयोग, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत सूर्यास्त सहा चव्वेचाळीस. त्या ओळीवर त्यांनी नखानं खूण केली.

दिवसभर मी त्यांचा हात धरून त्यांना बोट दाखवली. खरं म्हणजे त्यांनीच मला दाखवली. एकेक जिना, एकेक दार त्यांना नकाशावरून पाठ होतं. उजवीकडे वळ, आता वाचनालय येईल. आता उघड्यावर येऊ, तिथे उंबरा उंच आहे, पाय उचल. मधेच पोहायच्या तलावाशी थांबून म्हणाल्या, “अंबू, समुद्रात तळं बांधलंय आणि माणसं तळ्यात डुंबतायत. बघ गंमत.” इतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मला मात्र एकच लागून राहिलेलं. काडेपेटी नाही. दिवा लावू कशानं?

दुपारी त्या खोलीत आडव्या झाल्या तेव्हा मी एकटी वर गेले. बोटीच्या मागच्या बाजूला एका कोपऱ्यात सिगारेट ओढायला परवानगी होती. तिथे चारपाच पुरुष रेलून उभे होते. अठ्ठावन्न वर्षांची मी, डोक्यावरून पदर, त्यांच्या घोळक्यापाशी जाऊन उभी राहिले. सगळ्यांनी सिगारेटी पाठीमागे केल्या. मी इतक्या हळू बोलले की मला दोनदा बोलावं लागलं. त्यातल्या एका अकोल्याच्या गृहस्थांनी खिशातला लाल लायटर माझ्या हातावर ठेवला.

“घ्या काकू,” ते म्हणाले. “पण काका ओरडले तर माझं नाव नका सांगू.”

मागे हशा पिकला. मी लायटर मुठीत धरून जिना उतरले. तेवढ्यानंही चोरी केल्यासारखं वाटत होतं.

सव्वासहाला मी वन्संना वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या कठड्याजवळ खुर्चीत बसवलं. त्यांच्या गळ्याभोवती शाल गुंडाळली. समोर पाणीच पाणी, कुठे रेघ नाही, ठिपका नाही. ऊन कलतं होतं.

मी म्हटलं, वन्सं, दहा मिनिटांत येते.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. कुठे निघालीस ते त्यांना विचारावं लागलं नाही. “लवकर ये,” एवढंच म्हणाल्या.

खोलीत येऊन मी आरशापुढच्या फळीवर देव मांडले. ताटलीत पाणी घालून त्यात निरांजन ठेवलं, म्हणजे कुठे ठिणगी नको. लायटर लागता लागेना, तिसऱ्यांदा लागला. वात पेटली, स्थिर झाली. मी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच, अकरा वर्षांच्या सवयीनं, हात उदबत्तीकडे गेला.

धुराची रेघ छताला लागली असेल नसेल, घंटा किंचाळायला लागली. बोळातून पावलं धावली. दार बाहेरूनच उघडलं गेलं. दोन माणसं आत आली, एकानं ओला टॉवेल निरांजनावर टाकला. देवांवरही पाणी उडालं.

मला खालच्या मजल्यावरच्या एका कचेरीत नेलं. टेबलापलीकडे सुरक्षा अधिकारी होते, तांडेल नावाचे. पन्नाशीचे, रापलेले, रायगड जिल्ह्यातले. ते ओरडले नाहीत. माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मी तो घेतला नाही.

“मावशी,” ते म्हणाले, “बोटीवरची माणसं पाण्याला भीत नाहीत. आगीला भितात. आमच्या घरीसुद्धा मी समुद्रावर असलो की माझी बायको दिवा लावते. पण तो किनाऱ्यावर.”

मग त्यांनी नियम वाचून दाखवायला सुरुवात केली. शांतपणे, एकामागून एक. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं. सहा अडतीस. मधे बोलावं असं वाटत होतं. पण समोरचा माणूस बोलत असताना मधे बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, अशी माझी वाढ. ते थांबतील तेव्हा सांगू, म्हणून मी मान हलवत राहिले. सहा चव्वेचाळीस झाले. त्यांनी एक छापील जबाब माझ्यापुढे सरकवला. नाव, गाव, खोली, आणि खाली आग पेटवण्याचं कारण. मला वाटलं हे भरून दिलं की सोडतील. भरभर लिहिलं. कारणाच्या रकान्यात चार ओळी लिहिल्या. खोटं लिहायचं नाही हाही माझा नेमच. सही केली. सात वाजत आले होते.

“खोलीत दुसरं कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“माझ्या नणंदबाई. त्या वर आहेत. त्यांना आता दिसत नसेल.”

“म्हणजे?”

“अंधार पडला की त्यांना काहीच दिसत नाही.”

तांडेल उठून उभे राहिले. “आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?” ते म्हणाले.

लिफ्टची वाट न बघता आम्ही जिन्यानं वर गेलो. मजल्यामागून मजला. वर दार उघडलं तर अंगावर गाण्याचा लोटच आला. तलावाभोवती रंगीत दिवे फिरत होते, पोरंटोरं, नवरे-बायका नाचत होते. खुर्ची रिकामी होती. तांडेलांनी विजेरी कठड्यावरून फिरवली.

वन्सं खुर्चीपासून दोन हातांवर उभ्या होत्या. कठड्याची वरची नळी दोन्ही मुठींत घट्ट धरलेली, पाय फाकवून रोवलेले. पाठीमागे एवढा गोंधळ, पण त्या खांबासारख्या निश्चल. शाल पायाशी पडली होती.

मी त्यांच्या मुठीवर हात ठेवला. मूठ सुटेना.

“हलले नाही,” त्या म्हणाल्या. “कुठल्या बाजूला काय आहे तेच कळेना. नकाशा पाठ होता, पण मी कुठे उभी आहे ते विसरले. म्हणून हललेच नाही.”

खोलीत आल्यावर मी त्यांचे पाय चोळून दिले. मग विचारलं, सूर्य दिसला का.

“पाण्याला टेकला तोवर दिसला. मग मागे वळून दाराकडे बघितलं, तू येतेयस का ते. पुन्हा वळले तर नव्हता.”

त्यात राग असता तर मला सोसवला असता. त्यांनी एखाद्या गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिल्या. मी फळीवरच्या ओल्या देवांना पुसलं. निरांजन, लायटर, तूप सगळं तांडेलांनी पिशवीत घालून सील करून ठेवलं होतं. रात्रभर बोट हळूहळू झुलत होती. डोळा लागला नाही. दोन शब्द दिले होते आणि एकही पाळता आला नव्हता.

रविवारी सकाळी तांडेलांनी दोघींना बोलावलं. जबाबावर खोलीतल्या दुसऱ्या प्रवाशाचीही सही लागत होती. त्यांनी कागद आणि पेन वन्संपुढे ठेवून सहीची जागा बोटानं दाखवली.

वन्संनी पिशवीतून भिंग काढलं. एकतीस वर्षं खिडकीत बसलेलं माणूस न वाचता सही करत नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी कागद ओढून घेणार होते, पण तांडेलांसमोर ते बरं दिसलं नसतं. त्या एकेक अक्षर भिंगाखाली सरकवत वाचू लागल्या. नाव वाचलं, गाव वाचलं. कारणाच्या रकान्याशी भिंग थांबलं. तिथे मी लिहिलं होतं: माझ्या नणंद प्रमिलाताई यांची दृष्टी राहावी म्हणून अकरा वर्षांपूर्वी देवाला रोज संध्याकाळी निरांजन कबूल केले आहे. हे मी कोणाला सांगितलेले नाही. काल ते चुकले होते. पुन्हा चुकू नये म्हणून लावले.

भिंग तिथेच राहिलं. तांडेल समोरच्या कपाटात काहीतरी शोधायला लागले. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

वन्संनी सही केली. पेनाचं टोपण बसवलं. आम्ही बाहेर आलो. बोळ संपेपर्यंत त्या माझ्या हाताला धरून चालल्या. मग थांबल्या.

“आणि मी तुला म्हणायची, तुझ्या वातीच्या धुरानं माझे डोळे चुरचुरतात.”

“खरंच चुरचुरत असतील,” मी म्हटलं.

त्या हसायला लागल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या. नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं आमच्याकडे मानतात. तो आता नुसता बोलला नव्हता, सहीशिक्क्यानिशी कागदावर उतरला होता. मला रडू येत होतं, आणि त्या मला कोपरानं ढोसत म्हणत होत्या, अगं तीन प्रती काढल्या असतील त्यांनी.

त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. फेब्रुवारीत ढग कुठून आले कोण जाणे. वन्सं दर अर्ध्या तासानं मला वर पाठवत होत्या, बघून ये. मी जाऊन यायची. पश्चिमेला पट्टा आहे. पट्टा रुंदावलाय. खालून थोडं मोकळं दिसतंय. त्यांना कार्यक्रमाचा कागद पुन्हा पुन्हा हातात घ्यायचा चाळा लागला होता. सूर्यास्त सहा पंचेचाळीस. एक मिनिट वाढवून मिळालं, म्हणाल्या.

सव्वासहा वाजले. आदल्या दिवशी याच वेळी मी त्यांना सोडून खाली आले होते. मी फळीवरच्या देवांपुढे उभी राहिले. दिवा नव्हता, वात नव्हती. नुसते हात जोडले. मागे वळले तर वन्सं शाल पांघरून, चपला घालून दारात तयार उभ्या.

“आज तुझा नेम?” त्यांनी विचारलं.

“आज तुमच्याबरोबर आहे मी.”

आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. ढगांच्या खाली, पाण्याच्या वर, चार बोटं जागा मोकळी होती. तिथून तो एकदम बाहेर आला. वन्संनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. त्यांच्या पुंगळीएवढ्या नजरेत तेवढाच मावत होता. बाजूचे ढग, बोट, माणसं, काही नाही, फक्त तो आणि खालचं पाणी. त्या डोळे मिटत नव्हत्या. पाणी गळत होतं तरी पुसत नव्हत्या. तो टेकला, अर्धा झाला, नखाएवढा उरला.

“गेला?” त्या म्हणाल्या.

“नाही अजून.”

“मला गेला. तू सांग.”

मी आयुष्यात तेवढं कधी बोलले नव्हते. गेला म्हणून सांगितलं. मग जिथे गेला तिथे पाणी ताम्हनासारखं लखलखतंय म्हणून सांगितलं. ढगांच्या पोटाखालून लाल रंग आमच्याकडे सरकत येतोय, मग पिकल्या जांभळाचा होतोय, एक पक्षी एवढ्या लांब कशाला आलाय कोण जाणे. सांगता सांगता मला कळलं, अकरा वर्षांत मी स्वतःही सूर्य मावळताना बघितला नव्हता. रोज त्या वेळी माझी पाठ दाराकडे असायची.

अंधार पडला. मागे गाणी सुरू झाली. वन्सं कठडा सोडून माझ्या हाताला धरून उभ्या होत्या.

“अंबू, एक करू. माझे डोळे काही राहायचे नाहीत. तुझा देवही कंटाळला असेल त्याच त्याच अर्जाला. गेले, की दिवा मी लावीन. तू बाहेर जायचं, हा बघायचा आणि घरी येऊन मला सांगायचा. आत्ता सांगितलास तसा. गाळायचं काही नाही.”

“तुम्ही लावाल?”

“वेळ पाळायला मला कुणी शिकवायला नको.”

मी कबूल झाले.

सोमवारी सकाळी उतरताना तांडेलांनी सील केलेली पिशवी आमच्या हातात दिली. वन्संनी त्यांना विचारलं, जबाबाच्या किती प्रती काढल्या. ते गंभीरपणे म्हणाले, तीन. अकोल्याच्या गृहस्थांचा लायटर परत द्यायचा राहिलाच. धक्क्यावरच्या गर्दीत मी त्यांना पुष्कळ शोधलं.

याला आता आठ वर्षं झाली. वन्संचे डोळे पुढच्याच श्रावणात गेले. आता त्या चौऱ्याहत्तरच्या आहेत. रोज वेळेच्या आधी दहा मिनिटं पाटावर बसलेल्या असतात. डाव्या अंगठ्यानं वात चाचपतात, तूप किती आहे ते वासावरून सांगतात. काडीनं बोट भाजतं म्हणून तो लाल लायटरच वापरतात. गॅस संपला की मी भरून आणते. उदबत्ती मात्र मला लावू देत नाहीत. सुरक्षा अधिकारी येतील म्हणतात.

आजही त्यांनी बसल्या जागेवरून आवाज दिला, शाल घे, घाटावर वारा असतो. काल म्हणे मी ढगांचा रंग नीट सांगितला नव्हता. मी शाल घेतली. कृष्णेच्या घाटापर्यंत जायला मला सात मिनिटं लागतात. देवघरात लायटरची खटकी वाजली. मी दार हळूच ओढून घेतलं आणि निघाले.